ग्रंथपालांचे म्हणणे

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी समितीने ग्रंथपालांना बोलायला सांगितले. लायब्ररी ठेवायची की बंद करायची, ते त्यांचे म्हणणे ऐकून ठरणार होते.

अर्धांगाच्या झटक्याला चार महिने झाले होते. उजवा हात लुळा, जीभ जड. डोक्यात शब्द लख्ख उभा राही, ओठांशी येईतो विरून जाई. तीन आठवडे लेक एकच शब्द घोटून घेत होती.

"लाय-ब्र-री. 'ब्र'वर अडू नका, बाबा."

"लायबी."

"जन्मभर लोकांची 'लायब्री' सुधारत बसलात, आता भोगा!" ती हसली. अर्ध्या तोंडाने तेही हसले.

समितीचे अध्यक्ष समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा काका, लायब्ररी म्हणजे काही चार भिंती नव्हेत. लायब्ररी म्हणजे पुस्तकं, आणि ती सगळी कॉम्प्युटरवर चढवलीत. मग इमारत कशाला अडवायची? बोला."

ग्रंथपालांना उत्तर पाठ होते. ते उभे राहिले. "ला..." म्हणाले आणि घामाघूम झाले. समितीतले एक जण घड्याळाकडे बघू लागले. मग एकाएकी ग्रंथपालांची जीभ सुटली.

"सत्तावीस. एकशे चार. तीनशे नऊ. अकरा."

"आकडे बरे येतात," कोणीतरी पुटपुटले.

मागे बसलेल्या लेकीने आकडे ओळखले. एकतीस वर्षे बाबांनी वाचकांना सभासद क्रमांकानेच ओळखले होते. जेवताना म्हणायचे, "आज एकशे चार आली नाही, आजारी असेल." एकशे चार म्हणजे शिवणकाम करणारी बाई, घरात उजेड नाही म्हणून वाचनकक्षात यायची. सत्तावीस म्हणजे छापखान्यातून निवृत्त झालेले आजोबा. रोज कोण येऊन बसते, तेच बाबा सांगत होते.

ती उठली. "साहेब, हे सभासदांचे नंबर आहेत. ही माणसं..."

"ताई, खाली बसा. म्हणणं फक्त कर्मचाऱ्याचं ऐकायचं, असा नियम आहे."

"दोनशे साठ," ग्रंथपाल म्हणाले. "अठरा."

कारकुनाने लिहिले : ग्रंथपाल उपस्थित. हरकत नाही.

लायब्ररी बंद करण्याच्या ठरावावर शुक्रवारी सह्या व्हायच्या आहेत. गुरुवारी दुपारी दोन माणसांनी शिडी लावून पाटी उतरवली. त्या वेळी आत सत्तावीस नंबरचे आजोबा पेपर वाचत बसले होते. त्यांना अजून कोणी काही सांगितलेले नाही.