मोरीतला बेगोनिया

परंड्याच्या उन्हात माणसं करपतात, तिथं बेगोनियाची काय कथा! पण जाफरभाईंनी तो जगवला होता, आणि तोही घरातल्या एकुलत्या एका ओलसर जागी, म्हणजे मोरीत. पोस्टातून निवृत्त झाल्यावर पुण्याहून कुंडी मांडीवर घेऊन ते रेल्वेनं कुर्डुवाडीला आणि तिथून एसटीनं घरी आले होते. वरच्या जाळीतून येणारा उजेड आणि आंघोळीची वाफ, एवढ्यावर झाड फोफावलं. पानं अशी की बघत राहावं! मधे काळपट जांभळं, भोवती चांदीचा पट्टा, कडेला पोपटी. घरच्यांनी मात्र अंग चोरून आंघोळ करायची. जरा फेस उडाल्याचा आवाज आला की जाफरभाई बाहेरून खाकरत. त्यांच्या बायकोनं, कुलसुमबीनं, झाडाचं नाव ‘सवत’ ठेवलं होतं.

मुलगी रुबिना आणि तुळजापूरचा मुजीब डी.एड.ला एकत्र होते. दोघांचं मनोमन केव्हाच ठरलं होतं, फक्त घरच्यांचा होकार बाकी होता. मुजीबची आई हमीदाबी मुलगी बघायला येणार म्हटल्यावर कुलसुमबीनं कंबर कसली.

“ती कुंडी आजच्या दिवस बाहेर काढा.”

“जागा बदलली की पानं गळतात. पाहुण्यांना अंगणातल्या नळावर हात धुवायला सांग.”

पण जेवण झाल्यावर हमीदाबी कुणाला न विचारता सरळ मोरीत शिरल्या. बराच वेळ झाला तरी बाहेर येईनात. कुलसुमबीचा जीव टांगणीला लागला.

“मोरी बघायलीय ती. बायका मोरीवरनं घर वळखतात,” ती नवऱ्याच्या कानात पुटपुटली.

हमीदाबी बाहेर आल्या त्या पर्स काखेत घट्ट दाबूनच. चेहरा उतरलेला. पान-सुपारीही न घेता “कळवतो” म्हणाल्या आणि सगळ्यांना घेऊन निघून गेल्या.

“झालं समाधान? तुमच्या झाडापायी पोरीचं लगीन मोडलं!” कुलसुमबी कडाडली.

जाफरभाई मोरीत गेले आणि जागीच थबकले. बेगोनियाचं सगळ्यात मोठं, सगळ्यात देखणं पान गायब होतं. देठासकट, नखानं खुडलेलं. मोरीत शेवटी गेलेलं माणूस एकच. त्यांचं डोकं भडकलं. पानचोरांच्या घरात पोरगी द्यायची? पण बोलायचं कुणापाशी? कुलसुमबीला सांगितलं असतं तर संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं असतं, मग उरलीसुरली आशाही संपली असती. त्यांनी मोरीचं दार ओढून घेतलं.

तुळजापूरहून काही कळेना. रुबिना ताटावर नुसती बोटं फिरवून उठायची. जाफरभाई तिचं भरलेलं ताट झाकून ठेवायचे. पानाचा राग त्यापुढं फार दिवस टिकला नाही. एका दुपारी त्यांनी स्वतःच हमीदाबींना फोन लावला.

“आपा, एक सांगायचं होतं. पान पाण्यात ठेवू नका, कुजतं. देठ ओल्या वाळूत खोचा, वर प्लास्टिकची पिशवी घाला, पानालाच मुळं फुटतात.”

 पलीकडनं रडवेला आवाज आला. “कुजलं ओ, भाईजान. मागून आणलेलं झाड लागत न्हाय म्हणत्यात, म्हणून चोरलं. आता तुमच्या दारात कोणत्या तोंडानं येऊ?”

“आन् रुबिना?”

“पोरगी तर बघताक्षणी आवडली! लाजंनं फोन केला न्हाय.”

जाफरभाई लगेच म्हणाले, “मग मंगनीला या. हात धुवायला मोरीतच जा. आमचं लक्ष नसतंय तिकडं.”

मंगनीच्या दिवशी त्यांनी मोरीत कात्री, ओला कागद आणि पिशवी ठेवली. कोणतं पान न्यायचं याचा घोळ नको म्हणून खालच्या एका जुन्या, बारक्या पानाला पांढरा दोराही बांधला. उदारपणाला काही हद्द असते! अंगठी घालून झाल्यावर हमीदाबी उठल्या. रुबिना टॉवेल घेऊन मागोमाग गेली. जाफरभाई छताकडं बघत बसले.

“पुन्ना मोरी बघायलीय!” कुलसुमबी कळवळली.

“बघू दे. पसंत पडलीय म्हणून बघती.”

पाहुणे गेल्यावर ते धावतच मोरीत गेले. दोरा बांधलेलं पान जागच्या जागी होतं. त्याच्या वरचं, नुकतंच उलगडलेलं, चांदीसारखं लखलखणारं पान मात्र नव्हतं.

“बघितलंस? एक दिलं तर दुसरंच नेलं!” ते दारात उभ्या रुबिनावर ओरडले.

“त्यांनी दोऱ्याचंच धरलं होतं, अब्बा. मीच म्हणलं, ते न्हाय, हे घ्या. मीच कापून दिलं.”

“अगं, पण ते माझं...”

“आता तिकडं मलाच जगवायचंय न्हवं?”

जाफरभाई तिच्याकडं बघत राहिले. निकाह अजून व्हायचा होता आणि पोरगी सासरची होऊनही गेली होती. त्यांना हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले. रुमालानं नाक पुसत त्यांनी विचारलं, “देठ लांब ठेवलास ना?”