पंख्याचं तोंड

लॉन्ड्रीत पंखा एकच, आणि त्याचं तोंड कायम बायकोकडे. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, केमो झाली, केस परत आले, आणि मग डॉक्टरीणबाईंनी हार्मोनची गोळी लावून दिली. रोज एक, पाच वर्षं. त्या गोळीने बाईच्या अंगाची अशी लाही लाही व्हायची की इस्त्री सोडून ती दारात जाऊन उभी राहायची. पलीकडच्या टेबलावर नवरा घामाने निथळत म्हणायचा, "मला कशाला वारा? मी आधीच भाजलेला माणूस!"

त्या आठवड्यात मात्र तिने पंखा त्याच्याकडे वळवला. "तुम्हीच घ्या हो," म्हणाली, आणि गुणगुणत चादरींचा गठ्ठा संपवला. खुळा माणूस, खूश झाला! बायको बरी झाली असं वाटलं त्याला. मग एका दुपारी, वाफेत उभ्या असलेल्या तिच्या कपाळावर घामाचा टिपूसही नाही हे त्याने पाहिलं आणि तो टेबल सोडून तिच्यासमोर आला.

"गोळी घेतेस ना?"

ती कॉलर दाबत राहिली.

"अगं, विचारतोय मी!"

"सोडली. दोन महिने झाले." तिने इस्त्री उभी केली. "गोळी चालू असताना मूल होऊ द्यायचं नाही. ती संपेस्तोवर मी चव्वेचाळीस. मग काय होणार, कपाळ?"

"तुझी गाठ वाईट जातीची, मध्ये थांबायचं नाही, असंही म्हणाल्या होत्या डॉक्टरीणबाई."

"ऐकलंय. कानाला नव्हता झाला कॅन्सर."

एरवी तो हसला असता. त्याने शटर अर्धं ओढलं.

"मला मूल नको," तो म्हणाला.

"खोटं बोलताय."

"हो, बोलतोय! जीव तुटतो माझा पोरासाठी. पण ते उद्या विचारेल, आई कुठंय? काय सांगू त्याला? मला माहीत होतं आणि मी गप्प बसलो?"

तिने त्याच्या छातीवर मुठी आपटल्या. त्याने आपटू दिल्या. मग तिने पर्समधून गोळी काढली, पाणी मागितलं आणि त्याच्यासमोर गिळली.

"उद्या जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगू," तो म्हणाला.

तिने मान डोलावली. पदराने तोंड पुसत विचारलं, "मुलगी झाली असती, नाही?"

"मुलगीच," तो म्हणाला, आणि घरातलं माणूस गेल्यावर रडतात तसा ढसाढसा रडला.