नावाने नीला

मी रक्ताभिसरणाची प्रतिकृती बोलतेय. नाव भारदस्त असलं तरी घाबरू नका. प्लायवूडची एक उभी फळी, तिच्यावर रंगवलेली माणसाची आकृती, पारदर्शक नळ्या आणि मधोमध दोन रबरी गोळे, एवढाच माझा संसार. गोळे दाबले की माझ्या अंगातून पाणी फिरतं. हिला हृदय आहे, असं मुलं म्हणतात. आहे, रबराचं आहे. क्षमा नावाचा भाग मात्र त्यात बसवायचा राहून गेला, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म नळाच्या सामानाच्या दुकानामागच्या खोलीत झाला. मला घडवणारी दोघं, बाप आणि लेक. लेक शाळेत विज्ञान शिकवायची. तिथे तिला सगळे बाई म्हणत, म्हणून मीही बाईच म्हणते. वडिलांनी आयुष्यभर नळकाम केलेलं. गुडघे कुरकुरायला लागल्यावर ते दुकानात बसायला लागले होते. बाईंना एकच रुखरुख होती. मुलं रक्ताभिसरण घडाघडा म्हणून दाखवत, पण रक्त कुठून निघून कुठे जातं असं विचारलं की छताकडे बघत बसत.

"अगं, हे तर नळकामच आहे," पुस्तकातलं चित्र बघून वडील म्हणाले. "पंप मधे, पाइप दोन्हीकडे. आणि गेलेलं पाणी परत आलं पाहिजे."

मग चार आठवडे दोघांनी सुट्टीचे दिवस माझ्यापायी घालवले. बाई झडप म्हणायच्या, वडील व्हॉल्व्ह म्हणायचे. एक झडप त्यांनी उलटी बसवली, तर पाणी पुढे जायचं सोडून बाईंच्या मांडीवर आलं. दोघं पोट धरून हसली. "गळती कधी खोटं बोलत नाही," वडील म्हणाले, "चूक कुठे आहे ते बरोबर दाखवते." हे वाक्य मी तेव्हाच मनात जपून ठेवलं.

लाल आणि निळं पाणी फिरवलं तर दोन्ही मिसळून जांभळं होणार. म्हणून पाणी साधं ठेवलं आणि रंग नळ्यांना दिला, पाठीमागून चिकटपट्टी लावून. रोहिण्या लाल, नीला निळ्या. फुप्फुसापाशी मात्र उलटं. फुप्फुसातून हृदयाकडे परत येणारी नळी नावाने नीला, पण तिच्यातलं रक्त शुद्ध, म्हणून ती लाल. मुलं नेमकी इथेच फसतात, हे बाईंना ठाऊक होतं. त्यांनी त्या नळीवर कागदाची एक बारीक पट्टी चिकटवली आणि तिच्यावर आपल्या गोल अक्षरात लिहिलं, "नावाने नीला, रक्त मात्र शुद्ध. म्हणून लाल." खाली तारीख घातली.

माझ्यात एक खोट राहिली. वडिलांनी फळीचे पाय कापताना एक पाय बोटभर आखूड कापला. बाईंनी त्याच्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि काम भागवलं.

वर्गात माझे दिवस सुखाचे गेले. एका हाताने गोळा दाबायचा आणि दुसऱ्या हाताचं बोट माझ्या मनगटावरच्या बारीक नळीवर ठेवायचं. ठोका लागला की मुलांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. एकीने इतक्या भराभर गोळा दाबला की शेजारची म्हणाली, "बाई, हिला धाप लागली." बाईंनी त्या हसण्यातच व्यायाम आणि नाडी शिकवून टाकली. बाईंची नेमणूक तात्पुरती होती. शाळांच्या प्रदर्शनात मी चांगली ठरले, तर त्यांना कायम करू असं संस्थेने सांगितलं होतं. माझ्यावर काय अवलंबून आहे, ते मला पक्कं ठाऊक होतं.

आता त्यांच्याकडे वळते. शाळेचे पर्यवेक्षक होते ते, भाषा शिकवायचे. दिसेल ते दुरुस्त करण्याचा त्यांना नाद. सूचनाफलक, निबंध, लग्नपत्रिका, काही म्हणून सुटायचं नाही. पाठीमागे मुलं त्यांना दुरुस्तीसर म्हणत. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी ते एकटेच प्रयोगशाळेत आले आणि माझ्यापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले.

"नीला," ते स्वतःशीच म्हणाले, "नीला म्हणजे निळी. शब्दच सांगतोय. आणि बाईंनी लाल केलीय."

बाईंना विचारायला दोन खोल्या ओलांडाव्या लागल्या असत्या. त्यांनी निळी चिकटपट्टी आणली, नळी गोळ्यापाशी आवळून धरणारी पकड सैल केली, नळी उपसली आणि तिला वरपासून खालपर्यंत गुंडाळून टाकलं. बाईंची अक्षरं त्यांच्या अंगठ्याखालून गेली. वाचली नाहीत. नळी परत खोचली, पकड आवळायची विसरले आणि समाधानाने निघून गेले. दुसऱ्या दिवशी टेम्पोत चढवताना माझ्या पायाखालचा पुठ्ठाही त्यांनी कचरा म्हणून फेकून दिला.

प्रदर्शनात परीक्षक म्हणून एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी त्या नळीवर बोट ठेवलं. "ही निळी कशी?"

दुरुस्तीसरांचा चेहरा क्षणभर उतरला. आपण काय करून बसलो ते त्यांना कळलं, हे मी अगदी जवळून पाहिलंय. मग ते हसून म्हणाले, "तात्पुरत्या बाई आहेत, मॅडम. मूलभूत चूक आहे, शाळेतर्फे मान्य करतो."

"सर, मी लाल लावली होती," बाई म्हणाल्या.

"मग ती आपोआप निळी झाली का, बाई?"

आजूबाजूचे हसले. बाईंनी पट्टी सोडवायला हात पुढे केला, तर सरांनी प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावू नये असं दटावून मला मागे ओढलं. डॉक्टरीणबाई घाईत होत्या, गोळा न दाबताच कागदावर काहीतरी लिहून पुढच्या टेबलाकडे गेल्या. मी मात्र आखूड पायावर लटपटत उभी होते. त्या वेळी मला एक तोंड असतं, तर मी काय केलं असतं ते न सांगणंच बरं.

बाईंची नेमणूक पुढच्या वर्षी झाली नाही. विज्ञान येत नसलेल्या विज्ञानाच्या बाई, एवढी ख्याती घेऊन त्या वडिलांच्या दुकानात पाइप मोजायला बसल्या. मला कपाटात कोंडलं आणि किल्ली सरांच्या खिशात गेली.

सहा वर्षं. शेजारी खालचा जबडा हरवलेला सांगाडा होता. तो स्वभावाने भला. जाऊ दे, विसर, असं मला त्याच्याकडे बघून वाटायचं, आणि मग सैल पकड आठवून परत डोकं तापायचं. मी विसरले नाही. रबर कडक झालं, नळ्या पिवळट झाल्या, राग मात्र होता तसा राहिला. ती पकड मी रोज चाचपून बघायची. सैलच होती. सरांनी स्वतःच्या हाताने ठेवलेली ती ठेव होती आणि मला ती त्यांनाच परत करायची होती.

दुरुस्तीसर मुख्याध्यापक झाले. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी नवी प्रयोगशाळा उभारली. पण कपाटांत ठेवायला नवं काही आलं नाही, म्हणून मला बाहेर काढलं. यावेळी त्यांनी निळ्यावर लाल पट्टी गुंडाळली. फळीवर पितळी पाटी ठोकली, संकल्पना आणि मार्गदर्शन म्हणून स्वतःचं नाव. वर पाहुण्यांना छान दिसावं म्हणून पाण्यात लाल शाई ओतली. मी मुकाट्याने सगळं पिऊन घेतलं.

उद्घाटनाला पाहुण्या म्हणून आल्या त्या डॉक्टरीणबाईच. संस्थेचे चिटणीस शेजारी उभे होते. सरांच्या अंगात पांढराशुभ्र सदरा होता.

"इथे पूर्वी एका बाईंनी घोटाळा केला होता," सर म्हणाले. "नीला म्हणून निळी करून ठेवली होती. मी स्वतः दुरुस्त केली."

आणि त्यांनी गोळा दाबला. रबर कडक झालेलं, म्हणून दोन्ही हातांनी जोर लावून दाबला.

मी सहा वर्षं धरलेला श्वास सोडला. नळी पकडीतून सुटली आणि लाल पाणी थेट त्यांच्या छातीवर गेलं. त्यांनी घाबरून परत दाबलं. मी परत दिलं.

चिकटपट्ट्या भिजून सुटल्या. लाल उलगडली, तिच्याखालून निळी निघाली, आणि सगळ्यात खाली बाईंच्या गोल अक्षरातली ती पट्टी. डॉक्टरीणबाईंनी नळी उचलली आणि ती पट्टी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचली. मग तारीख वाचली. प्रदर्शनाच्या महिनाभर आधीची.

"त्यांनी तर लालच केली होती, सर," त्या म्हणाल्या. "मग वर निळी कोणी गुंडाळली?"

सर सदरा पुसत राहिले. शाई पुसल्याने पसरते, एवढंही त्यांच्या लक्षात आलं नाही.

"त्या दिवशी पट्टी उचलून मी बघायला हवं होतं," डॉक्टरीणबाई चिटणीसांना म्हणाल्या. "त्या बाई आहेत कुठे?"

मला दया आली का? नाही. समारंभाचा फोटो व्हरांड्यात लावलाय. त्यात सर डागासकट उभे आहेत. दार उघडं असलं की मला इथून दिसतो, आणि मी तो रोज बघते.

महिन्याभराने बाई मला दुरुस्त करायला आल्या. वडीलही काठी टेकत आले. त्यांनी पकड हाताने हलवून पाहिली आणि म्हणाले, "आवळलीच नव्हती कोणी." बाईंनी ती आवळली, पितळी पाटी उचकटून काढली, पाणी बदललं. पुन्हा शिकवायला या, असं संस्थेने त्यांना कळवलं होतं. विचार करून सांगते, एवढंच त्या म्हणाल्या. मग टेबलावर त्यांच्या नावाने ठेवलेला लिफाफा त्यांनी उघडला. सरांचं पत्र होतं. चूक आपली होती आणि तिचा दोष बाईंवर ढकलल्याबद्दल दिलगीर आहे, असं मोत्यासारख्या अक्षरात लिहिलेलं. एकही खाडाखोड नाही.

बाईंनी ते उभ्याउभ्याच वाचलं. मग माझ्या मनगटावर बोट ठेवून गोळा दाबला. ठोका लागला, पण मी डुगडुगले.

"अजून हलतेय," वडील म्हणाले.

आता माझं म्हणणं एवढंच आहे. माझ्यावर पुन्हा कोणी पट्टी चढवायला आलं, तर त्याने खालचं आधी वाचावं. पकड आता घट्ट आहे, पण माझा स्वभाव तोच आहे.

बाईंनी त्या पत्राची घडी घातली, घडीची घडी केली आणि वाकून माझ्या आखूड पायाखाली सारली. आता मी हलत नाही.