बुटातला अर्धा इंच

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टेबलावर ताईचा धाकटा भाऊ उताणा पडला होता आणि सगळ्यांच्या नजरा त्याच्या बुटांवर खिळल्या होत्या. डावा बूट उजव्यापेक्षा चांगला अर्धा इंच वर, म्हणजे डावा पाय आखूड, दिसत होता. लोक ज्यांना नुसतं 'सर' म्हणत, त्यांनी एका हातात दोन्ही टाचा आधीच धरल्या होत्या; आता त्यांनी दुसऱ्या हाताची बोटं डाव्या पोटरीवर टेकवली आणि डोळे मिटून हलकेच फुंकर मारली. टाचा एका रेषेत आल्या. पुढच्या रांगेत कोणीतरी डोळे पुसले.

सरांचं म्हणणं असं, की त्वचेखालचं पातळ आवरण, म्हणजे फॅशिया, टाळूपासून तळव्यापर्यंत अखंड असतं आणि माणूस जी दुःखं गिळतो ती त्यात साठतात. "तुझ्या पायात तुझे वडील अडकलेत," असं त्यांनी भावाला सांगितलं होतं. वडील जाऊन वर्षही झालं नव्हतं. बिचारा तिथेच ढसाढसा रडला होता. आता आवरण असतं हे खरं, शरीर एकसंध असतं हेही खरं. थापेत चिमूटभर खरं घातलं की ती सहज घशाखाली उतरते.

भाऊ घरं रंगवायचा. शिडी चढताना त्याचा डावा पाय ओढला जाऊ लागला. ताई फिजिओथेरपिस्ट. तिने तपासलं तर पायाला सुईची टोचही कळत नव्हती. मणक्यात काहीतरी दाबतंय, लगेच मोठ्या डॉक्टरांना दाखव, असं ती कानीकपाळी ओरडली. पण ऑपरेशनच्या नुसत्या नावाने त्याची गाळण उडायची, आणि इथे तर फुंकरीने पाय लांब होत होता. असे महिने गेले. शेवटी त्याच्याच हट्टाखातर ती आज आली होती.

तिला एकच गोष्ट खटकली. टेबलावर बूट काढायचे नाहीत, असा इथला नियम होता. अनवाणी तळव्यातून म्हणे आवरणाची शक्ती गळते. ती उठून पुढे गेली.

"सर, हेच त्याचे बूट काढून करून दाखवा."

"शंकेनेसुद्धा आवरण आखडतं, बाई," सर गोड हसले.

तिने वाद घातला नाही. भावाच्या टाचा धरल्या आणि उजव्या बुटाची टाच किंचित खाली ओढून पायापासून सुटी केली. डावा पाय आखूड दिसू लागला. तीच टाच अंगठ्याने वर दाबली, दोन्ही पाय सारखे.

"पाय जागचा हलला नाही. बूट हलला."

मागून कोणीतरी म्हणालं, पण आम्हाला बरं वाटतं ना. रांग पुन्हा लागली. भाऊ मात्र छताकडे बघत राहिला.

"म्हणजे बाबा नव्हतेच तिथे?" त्याने विचारलं.

ताईने त्याचे बूट काढले आणि हात देऊन त्याला टेबलावरून उठवलं.

मोठ्या डॉक्टरांच्या तपासणीत मणक्यातली गाठ सापडली. सर्जनने ती काढली, पण उशीर झाला होता; तोवर उजवा पायही लुळा पडला होता. दोन्ही पायांतली शक्ती काही परत आली नाही. सरांचं सभागृह अजून भरतं. एका दुपारी अंथरुणातून भाऊ म्हणाला, "ताई, बघ ना, सारखे आहेत का?"

तिने त्याच्या उघड्या टाचा हातात घेतल्या. "सारखे आहेत," ती म्हणाली. तिचा हात लागल्याचं त्याला कळलंही नव्हतं.

ज्यांचे पाय अजून चालतात, त्यांना एवढंच सांगणं. चमत्कार बघायला खुशाल जा, पण आधी बूट काढायला सांगा. काढू देत नसतील, तर त्याच पायांनी दवाखाना गाठा.