कोपऱ्यातली मैना

"आजी, खाली ठेव ती! उन्हात धरून धरून तिचा रंग उडतोय. किती वेळा सांगू?"

"उडू दे. तुझ्या बापाचं काय जातं?"

"माझा बाप म्हणजे तुझाच पोरगा."

"म्हणून तर बोलते. त्याला बी अक्कल न्हवती."

ज्या 'ती'वरून आजी-नातवाची ही जुंपली आहे, ती मी. काड्यापेटीहून जराशी मोठी, पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेली एक स्लाइड. मला फोटो म्हणू नका. फोटोला पाठ असते, मला ती नाही. उजेडासमोर धरलं तरच मी दिसते. एरवी मी म्हणजे नुसता काळा चौकोन.

माझा जन्म भिवंडीजवळच्या वडप्याचा, भर मे महिन्यातला. मुंबईचं एक कुटुंब मोटारीतून नाशिककडे फिरायला निघालं होतं. इंजिन तापलं म्हणून चिंचेखाली थांबलं. साहेबांनी बाईंना म्हटलं, "गाडीला टेकून उभी राहा बघू." बाईंनी गॉगल चढवला, पदर सावरला. एक खटका झाला, आणि मी झाले.

त्या घाईत साहेबांनी माझ्या डाव्या कोपऱ्याकडे पाहिलंच नाही. तिथे करवंदांची टोपली काखेला लावून गावातली एक पोर उभी होती आणि तोंडभर हसत होती.

मुंबईच्या घरात मला मोठा मान होता. दिवाळीला पाहुणे जमले की भिंतीवर पांढरी चादर लागायची, दिवे मालवायचे, यंत्राचा पंखा घरघरायचा आणि मी चादरभर पसरायचे. "वहिनी, काय गॉगल हो!" म्हणून सगळे हसायचे. कोपऱ्यातली ती कोण, हे मात्र कुणी कधी विचारलं नाही. लगेच दुसरी स्लाइड यायची.

मग टीव्ही आला. चादर पुन्हा पलंगावर गेली, आम्ही माळ्यावर गेलो. साहेब गेले, बाई गेल्या, मुलं परदेशी. घर विकायला काढलं तेव्हा भंगारवाल्याने आमचा डबा हलवून पाहिला आणि टेम्पोत फेकला. माणसं देवांचे फोटो टाकताना दहादा विचार करतात. आईचा फोटो टाकताना आत काय आहे हेसुद्धा पाहत नाहीत. राग येतो, म्हणून बोलले.

मुंबईत टाकलेलं सगळं भिवंडीत येतं. मीही आले. जिथे जन्मले, तिथेच. फक्त चिंच नव्हती. शेतंही नव्हती. सगळीकडे पत्र्याची गोडाऊनं आणि कंटेनरच्या रांगा.

त्यातलं एक गोडाऊन दीपेशच्या घरचं. भाडं घेणं सोडलं तर पोराला काम नाही. त्याला वेगळाच नाद. भंगारातून अनोळखी लोकांच्या सहलींच्या स्लाइडी उचलायच्या, ब्रशने धूळ झाडायची, स्कॅन करायच्या आणि इंटरनेटवर टाकायच्या. कुणीतरी ओळखेल म्हणून. ओळखलं कुणीच नाही. जानकीबाई, त्याची आजी, शेजारी तांदूळ निवडत टोमणे मारायची, "दुसऱ्यांच्या बायका बघतंय दिवसभर. सोताची कवा आणशील?"

एक दिवस मी पडद्यावर उमटले आणि तिच्या हातातलं सूप कलंडलं.

"मैना!"

मैना तिची थोरली लेक. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गवत कापताना साप चावून गेलेली. तिचा एकही फोटो नव्हता. तेव्हा गावात फोटोवाला यायचा तो फक्त लग्नाला, आणि मैनेचं लग्न झालंच नाही.

म्हातारी पडद्याला नाक लावून बघत राहिली. मग एकदम मागे सरली. "न्हाय. ही न्हाय ती. मैनेचं गोंदण डाव्या हातावर. माझ्या मांडीवर धरून गोंदवलंय मी. हिचं उजव्या हातावर हाय. दुसऱ्या कुणाची तरी हाय ही."

ती ओट्यावर जाऊन बसली. संध्याकाळी जेवलीही नाही. मी आत यंत्रात अडकलेली. मला ओरडावंसं वाटत होतं, पण आम्हाला आवाज कुठला?

चूक दीपेशची होती. माझ्यातून दोन्हीकडून सारखंच दिसतं, आणि त्याने मला उलट्या अंगाने घातलं होतं. दुसऱ्या दिवशी मोटारीच्या पाटीवरचे आकडे उलटे दिसले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. तो मला सुलट घालायला गेला, तेवढ्यात लोडशेडिंग. मग त्याने मलाच उचललं आणि ओट्यावर नेलं.

"आजी, मीच उलटी घातलेली. हिला अशी धर, उजेडाकडे."

तिने मला सूर्याकडे धरलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्या मधोमध न बघता आधी कोपऱ्यात बघितलं.

"टोपली माझीच हाय," ती म्हणाली. गोंदणही आता डाव्याच हातावर होतं.

तेव्हापासून रोज सकाळी ती मला उन्हाला धरते. दीपेशने कागदावर मोठी प्रत काढून दिली. ती तिने देवाजवळ लावली, पण बघत नाही. म्हणते, "कागदावर ती चिकटवल्यावानी दिसते. हिच्यात कशी ऊन अंगावर घेऊन उभी हाय." कॉम्प्युटरवर बघ म्हटलं तर म्हणते, "लाइट गेली की मैना गेली. रोज कितींदा मारू तिला?"

पण दीपेश खोटं बोलत नाही. आकाश आधीच पिवळं पडलंय. बाईंची साडी कुठल्या रंगाची होती हे आता मलाही आठवत नाही. ज्यांच्यासाठी मी जन्मले त्या बाईंना ओळखणारं इथे कुणी नाही. त्या गॉगल लावून मुकाट्याने विरत चालल्या आहेत. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखी कुणी असेल तर फेकण्याआधी एकदा उजेडाला धरा. कोपऱ्यासकट बघा.

आज दीपेश पत्र्याचा डबा घेऊनच आला होता. "यात अंधारात ठेवली तर माझ्या नातवंडांनासुद्धा दिसेल ती. अशी उन्हात धरत राहिलीस तर दोन-चार पावसाळ्यांत पुसून जाईल. मग मैना आत्या परत जाईल, आजी. चालेल तुला?"

जानकीबाई एके काळी पंचक्रोशीत लग्नाचे धवले गायची. लेक गेली त्या दिवसापासून तिने एकही गायला नाही. का, ते दीपेशला कुणी सांगितलं नव्हतं.

तिने मला खाली केलं नाही. माझ्यातून येणारा उन्हाचा रंगीत चौकोन तिच्या गालावर थरथरत होता. तिचं उत्तर ऐकून दीपेशने रिकाम्या डब्याला झाकण लावलं आणि तो आत निघून गेला. ती म्हणाली होती, "मागल्या खेपेला ती गेली तवा मी दापोड्याला हळदीत गात बसले होते, या खेपेला जाईल ती माझ्या डोळ्यांम्होरं जाऊ दे."