मोडायला दिलेला पंखा

वर बघा. ट्यूबलाइट नव्हे हो, तिच्या शेजारी गरगरतोय तो मी! मी एक पंखा. कारखान्याच्या बैठकीच्या खोलीत टांगलेला असल्यामुळे माणसांचं टक्कल आणि माणसांचं मन, दोन्ही मला वरून स्वच्छ दिसतं.

आमचं घराणं मोठं. मोठे साहेब सगळ्यांचे वडील. त्यांच्या पाच कंपन्या. तांब्याच्या तारेची मुलाकडे, म्हणजे दादांकडे. पंख्यांची मुलीकडे, म्हणजे ताईंकडे. ताईंच्या पंख्यात तार दादांचीच घालायची, हा घरचा कायदा.

माझी खरी आई मात्र वाइंडिंगच्या मावशी. वीस वर्षं मोटरींवर तार गुंडाळून त्यांच्या बोटांना घट्टे पडलेले. एकदा भंगारात आलेल्या छपाईयंत्राची मोटर त्यांनी सहज उघडली. आत चुंबकं आणि मूठभर तार.

"ताई, हिचं एवढ्याशा तारेवर भागतं, मग आपल्याच पंख्याला एवढी भूक का?"

ताईंनी कारखान्यामागची खोली प्रयोगासाठी उघडून दिली. दोघी वर्षभर खपल्या. माझी दहा भावंडं वाया गेली. कुणी जळलं, कुणी थरथरलं, एक तर उलटंच फिरलं. अकरावा मी. निम्मी तार, निम्म्याहून कमी वीज! ताईंनी मावशींना मिठीच मारली.

दादांना कळलं आणि त्यांचा पारा चढला. "निम्मी तार? म्हणजे माझं निम्मं दुकान बंद! सख्खी बहीण आहेस की वैरीण?"

"घरात फूट नको," मोठे साहेब म्हणाले. "तो नमुना मोडून टाका. प्रयोगाच्या खोलीचं काय करायचं, ते पुढच्या बैठकीत ठरवू."

मोडायचं काम मावशींकडेच आलं. हातोडा घेऊन त्या माझ्यापुढे बसल्या आणि तो बाजूला ठेवला. मग उठल्या, मला जुन्या पंख्याचं टोपण घातलं, तपकिरी रंग फासला आणि बैठकीच्या खोलीतला कुरकुरणारा पंखा उतरवून त्या जागी मला चढवलं.

"गुपचूप फिर," म्हणाल्या. "सापडलो तर दोघंही भंगारात."

बैठकीच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. प्रयोगाची खोली बंद करा, असं सांगायला दादा उभे राहिले आणि नेमकं व्होल्टेज घसरलं. दिवे पिवळे पडले. बाकीचे तीन पंखे तापातून उठल्यासारखे रेंगाळू लागले. मी मात्र सुसाट! खरं सांगतो, जरा जास्तच शायनिंग मारली. सगळे खुर्च्या सरकवत माझ्याखाली गोळा झाले.

"बघा!" दादांनी छाती फुगवली. "ही माझ्या तारेची ताकद!"

ताईंनी वर पाहिलं, मला ओळखलं आणि त्यांना ठसकाच लागला. साहेबांना संशय आला. त्यांनी मावशींना बोलावून घेतलं.

"तार दादांचीच आहे, साहेब," मावशी म्हणाल्या. "फक्त निम्मी. मोडायचा हुकूम मी मोडला. काय ती शिक्षा द्या, पण आधी हा पंखा बंद करून बघा."

साहेबांनी बटण बंद केलं. दोन मिनिटांत सगळ्यांच्या कपाळावर घाम. अखेर साहेबच उठले आणि त्यांनी बटण परत दाबलं.

"आपण आपल्याच तारेत गुरफटून बसलो, तर उद्या हाच पंखा परका कुणीतरी विकेल," ते म्हणाले.

दादा आठ दिवस गाल फुगवून होते. मग कळलं, माझ्यासारखे पंखे हजारांनी करायचे तर आणखी बारीक तार लागते, आणि ती बाहेरून आणली की तुटते. दादांच्या कारागिरांनी खास तशी तार ओढून दिली. आता दादा पाहुण्यांना "आमचा पंखा" म्हणून मला दाखवतात. मावशी प्रयोगाच्या खोलीच्या प्रमुख झाल्या.

इथेच थांबलो असतो, पण एक कबुली द्यायची राहिली. परवा मावशींनी टेबलावर नवा आराखडा पसरला. गारव्याचं यंत्र. पातं नाही, गरगर नाही! साहेब, दादा, ताई, सगळे त्यावर वाकलेले. वर कुणी बघेना. मग मीही एक गिरकी जोरात घेतली. कागद थेट खिडकीबाहेर!

मावशी हसल्या. "उडू दे. माझ्या डोक्यात आहे सगळं."

वाचकहो, त्यांच्याशी ओळख असेल तर माझं एवढं काम करा. म्हणावं, मावशी, फार दमलात, आता चांगली लांब सुट्टी घ्या.