वीणाताईंच्या ओट्यापाशी

वीणाताईंचं नाव निघालं की आजही माझं डोकं तापतं. नवरा म्हणतो, सोडून दे. का सोडू? त्या आमच्या शाळेत छोट्या वर्गांच्या कोऑर्डिनेटर, मी केजीची टीचर, आणि दिल्लीतल्या द्वारकेत आम्ही एकाच सोसायटीत राहतो. इथे नवी आले तेव्हा पहिली मराठी हाक त्यांनीच मारली होती, "अगं सुखदा, पोहे केलेत, ये." दिवसभर हिंदी बोलून कंटाळा आला की मी त्यांच्याकडे जाऊन बसायचे. मला वाटायचं, परक्या गावात आपलं एक घर आहे.

केजीत आम्ही इंग्रजी अक्षरांचे आवाज शिकवतो. अक्षराचं नाव नाही, आवाज. माझ्या वर्गात तऱ्हेतऱ्हेची मुलं. काही 'स', 'अ‍ॅ', 'ट' ऐकलं की लगेच 'सॅट' म्हणून मोकळी होतात. काहींना सुटे आवाज येतात, पण जोडता येत नाहीत. आणि परीक्षितला 'प' आणि 'ब' यांत फरक काय, तेच ऐकून कळायचं नाही. सगळ्यांना एका फळ्यासमोर बसवून ओरडायला लावलं की हुशार मुलं मस्ती करतात आणि परीक्षितसारखी मुलं टेबलाखाली जाऊन बसतात. म्हणून मी गट पाडले होते, पटकन वाचणारी मुलं पहिल्या गटात, आणि परीक्षितला रोज थोडा वेळ एकट्याला घेऊन बसायचे. 'प' म्हणताना ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची, ती फडफडते. 'म' म्हणताना नाकावर बोट ठेवायचं, गुणगुण जाणवते. कानाला कळत नव्हतं ते त्याच्या बोटाला कळायचं. पट्टी हलली की तो आजूबाजूला बघायचा, कुणी पाहिलं का म्हणून. इतका गोड पोरगा!

त्याची आई चेतना पुण्याची, गुरुग्राममध्ये आयटीत. याआधी दोन शाळांनी तिला गोड बोलून बाहेरची वाट दाखवली होती. पहिल्याच पालकसभेत सगळे गेल्यावर तिने मला मराठीत विचारलं, "मॅडम, इथून तरी काढणार नाहीत ना त्याला?"

"मी आहे ना," मी म्हणाले. अगदी छातीठोकपणे.

जानेवारीत वीणाताईंकडे हळदीकुंकू होतं. चेतनाची इथे कुणाशी ओळख नव्हती, म्हणून मीच तिला बरोबर नेलं. ती हॉलमध्ये बायकांत बसली. मी आत ओट्यापाशी उभी राहून वाणाच्या वाट्यांत तिळगुळाच्या वड्या भरत होते. वीणाताई शेजारी कॉफी ओतत होत्या.

"सुखदा, तुझ्या वर्गाचं एकदा खरंखरं सांग गं," त्या म्हणाल्या. "शाळेत सगळ्या गोड गोड बोलतात यार. मला मॅनेजमेंटकडे तुझ्यासाठी हेल्पर टीचर मागायचीय."

मला काय आनंद झाला! वर्षभर मी हेच तर मागत होते. शिवाय हे काही ऑफिस नव्हतं. अंगावर काळी साडी, केसांत गजरा, आपल्या माणसाचं स्वयंपाकघर. डॉक्टरपुढे दुखणं सांगावं तसं मी भडाभडा सगळं सांगितलं. "परीक्षितला वर्गाबरोबर जमत नाही हो. वर्ष संपत आलं, मोजके आवाज धड येतात, त्यातलेही मधेच विसरतो. त्याच्यासाठी वेगळं माणूस हवं. मी एकटी पुरी पडत नाही."

"बिल्कुल. मी बघते," म्हणत त्यांनी एक वाटी माझ्या हातात दिली. "ही चेतनाला दे. तिला अजून वाण मिळालं नाही." मी बाहेर जाऊन माझ्या हाताने ती चेतनाला दिली.

फेब्रुवारीत शाळा सुटल्यावर चेतना माझ्या वर्गात आली. तिला वीणाताईंच्या केबिनमध्ये बोलावलं होतं, हे मला कुणी सांगितलंही नव्हतं. ती बसली नाही.

"परीक्षितसाठी दुसरी शाळा बघा म्हणाल्या. त्याला वर्गाबरोबर जमत नाही, येतं तेही विसरतो, तुम्ही एकट्या पुऱ्या पडत नाही. हे सगळं तुम्हीच सांगितलंत म्हणाल्या, हळदीकुंकवाला, आत. खरं आहे?"

एक शब्दही खोटा नव्हता. खोटा असता तर मी भांडले असते.

"हो. पण मी त्याच्यासाठी मदत मागत होते, चेतना."

"मी बाहेर बसले होते," ती म्हणाली आणि गेली.

मी तडक वीणाताईंच्या केबिनमध्ये गेले. माझा आवाज चढला होता, चपराशी दारात येऊन बघून गेला.

"आपण कुणाला काढत नाही, सुखदा. फक्त सुचवतो," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुढच्या वर्गात मॅनेजमेंटला रिझल्ट हवा. आणि मी काय मनाचं सांगितलं? तूच बोललीस ना?"

"मी तुमच्या घरात बोलले होते! तुम्हाला आपलं समजून!"

"आपलं समजते म्हणूनच तुझं काम केलं. तुझी हेल्पर मंजूर झालीय. सोमवारी येईल."

"आता कुणासाठी?"

"पहिल्या गटासाठी. ॲन्युअल डेला त्यांना स्टेजवर वाचायला उभं करायचंय. अच्छा, आता मला एक मीटिंग आहे."

मी त्यांच्याकडे नुसती बघत राहिले. ज्या बाईकडे मी माहेरासारखी जात होते, ती माझ्याकडून काढून घ्यायचं ते घेऊन मोकळी झाली होती.

संध्याकाळी मी चेतनाच्या घरी गेले. तिने दार अर्धंच उघडलं. आत परीक्षित जेवत होता, मला बघून ओरडला, "मॅम!" आणि उठायला लागला. "बस, आधी संपव," चेतना म्हणाली.

"मी रोज घरी येऊन शिकवेन त्याला," मी म्हणाले. "शाळा कुठलीही असू दे. तो शिकतोय, चेतना, खरंच शिकतोय. आता थांबवू नका."

"तुम्ही चांगलं शिकवता, मला माहितीय," ती म्हणाली. तिचा आवाजसुद्धा चढला नाही. "पण मॅडम, तो तुमच्यासमोर चुकणार. आणि तो चुकला की मला वाटणार, हे आता कुणाच्या घरी पोचणार?"

न चुकता कुठलं मूल एक तरी आवाज शिकलंय? आतून परीक्षित सारखा विचारत होता, मॅम आत का येत नाही. दार लावण्याआधी चेतनाने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. दुपारी केबिनमध्ये मी वीणाताईंकडे अशीच बघत उभी होते.